रंग लादलेला आणि रंग निवडलेला

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, ‘वनस्पतींचे रंग, कापड आणि आपला समाज’. विषय ऐकून दोघे-तिघे हसले. वर्धापनदिनाला धम्मावर बोलावं, चळवळीवर बोलावं, हा झाडपाला मध्येच कुठून आला? पण आम्ही गिरणीच्या रंगखात्यात उभी हयात काढलेली माणसं. आमची शाळा लवकर सुटली. पुढचं सारं शिक्षण वाचनालयात, मोर्चात आणि जिगर मशीनच्या वाफेत झालं. ज्याला जे कळतं त्यानं ते बोलावं, म्हणून उभे राहिलो आहोत.

दुसरं एक कारण आहे. कार्यक्रमाच्या पत्रिका वाटत फिरत होतो, तेव्हा गल्लीतल्या एका मावशींनी आम्हाला उंबऱ्यातच अडवलं. म्हणाल्या, “आवो भाऊ, पोरीला बी.एस्सी. केली, आन् ती आता म्हणतीया, झाडाच्या साली उकळून कापड रंगवायचं शिकती. हंडं ढवळायला शिकवली व्हय तिला? बाबासाहेबांनी काय सांगिटलं हुतं आपल्याला?”

आम्ही म्हटलं, “मावशी, इचारताय ते बरोबर हाय. पर ह्याचं उत्तर उंबऱ्यात न्हाई देता यायचं. विहारात या, तितं बोलू.”

मावशी आल्या आहेत. म्हणून आजचं हे बोलणं त्यांच्या प्रश्नाला धरूनच आहे.

प्रथम तथागतांच्या काळात जाऊ. विनयपिटकात ‘महावग्ग’ नावाचा ग्रंथ आहे. त्यात एक मोठा खंड नुसता चीवरांबद्दल आहे. सुरुवातीला भिक्खू शेणानं आणि पिवळ्या मातीनं चीवर रंगवत. रंग ओंगळ दिसे. तेव्हा भगवंतांनी सहा प्रकारच्या रंगांना अनुमती दिली : मुळांचा, खोडाचा, सालीचा, पानांचा, फुलांचा आणि फळांचा. सहाच्या सहा वनस्पतींचे. गोष्ट इथं संपत नाही. थंड पाण्यातल्या रंगाला वास येऊ लागला, तर रंग उकळायला परवानगी दिली. उकळताना तो उतू जाऊ लागला, तर त्यावरही उपाय सांगितला. रंग शिजला की नाही हे कसं कळायचं? तर थेंबभर रंग पाण्यात टाकून बघा, नाही तर नखावर टाकून बघा. चीवर वाळत घालताना रंग एकाच बाजूला ओघळतो, तर ते उलटसुलट करत राहा.

बंधू-भगिनींनो, हे वाचलं तेव्हा आम्ही चकित झालो. आमच्या रंगखात्यात मास्तर नवशिक्याला नेमकं हेच शिकवतो. आधी नमुना बघ, मग माल टाक. रंग एका कडेला बसू देऊ नकोस. ज्या महापुरुषानं दुःखाचं कारण शोधलं, त्यानं रंगाचा थेंब नखावर तपासायलाही कमीपणा मानला नाही. ज्यांनी हातानं काम करणाऱ्याला खाली बसवलं, त्यांच्या ग्रंथांच्या शेजारी हे पान ठेवा आणि फरक बघा.

चीवराला आपण ‘काषाय वस्त्र’ म्हणतो. कषाय म्हणजे तुरट, आणि कषाय म्हणजे काढा. साल, मूळ, फळ उकळून जो तुरट काढा निघतो, त्यात बुडवलेलं ते काषाय. आज शास्त्र सांगतं की झाडाच्या सालीत आणि फळात टॅनिन नावाचं द्रव्य असतं, जिभेला तुरटपणा त्याचाच लागतो, आणि सुती धाग्याला रंग धरून ठेवायला तेच मदत करतं. श्रीलंका आणि थायलंडमधले अरण्यवासी भिक्खू फणसाच्या खोडाचा गाभा उकळून चीवर रंगवण्याची परंपरा पाळत आले आहेत. फणस आपल्याला परका नाही. घाट उतरला की परड्यापरड्यात फणस आहे.

आता मावशींच्या प्रश्नाकडे वळतो, आणि थोडं कडू बोलतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मेलेल्यांची वस्त्रं नेमून दिली आहेत. प्रेतावरचं कापड गावानं आपल्या पूर्वजांच्या पदरात टाकलं आणि त्यालाच हक्क म्हणायला शिकवलं. आणि तिकडं बुद्धाच्या संघात ‘पांसुकूल’ चीवराची चाल होती. उकिरड्यावरचं, स्मशानातलं टाकून दिलेलं कापड भिक्खू उचलायचा, धुवायचा, कापायचा, शिवायचा आणि रंगवून अंगावर घ्यायचा. तो राजघराण्यातला असो की न्हाव्याच्या घरातला, संघात वस्त्र एकच.

कापड तेच, स्मशानातलं. मग फरक कुठं? एकाच्या अंगावर ते लादलं होतं, दुसऱ्यानं ते निवडलं होतं. एकाच्या कापडानं त्याची जात सांगितली, दुसऱ्याच्या कापडानं जात पुसली. हा फरक आम्ही आज तुमच्यापुढं ठेवायला आलो आहोत. काम वाईट आहे की चांगलं, हे नुसत्या कामाकडं बघून ठरत नाही. ते लादलेलं आहे की निवडलेलं, त्याला दाम आहे का, नाव आहे का, आणि सोडून जायची मोकळीक आहे का, यावर ते ठरतं.

रंगाच्या धंद्यालाही हा शाप होता. मनुस्मृती ब्राह्मणाला आपत्काळातसुद्धा रंगीत वस्त्र, नीळ आणि लाख विकायला मनाई करते. काही स्मृतींत तर निळीनं रंगवलेलं वस्त्र अंगावर घेतलं म्हणून ब्राह्मणाला उपवासाचं प्रायश्चित्त सांगितलं आहे. आपल्या दख्खनेत निळीचं काम करणारी निराळी नावाची वेगळी जात होती, इतर रंगांचे रंगारी वेगळे. हात निळे ज्यांचे, त्यांची पायरी खालची. आणि कापड मात्र सगळ्यांना पाहिजे.

निळीचं काम असतं कसं तेही सांगतो. निळीच्या झुडपाचा पाला पाण्यात कुजवतात, आंबवतात. वास उग्र. त्यातून नीळ काढून वड्या करतात. रंगवायच्या वेळी ती वडी पुन्हा आंबवणाच्या मडक्यात विरघळवावी लागते, कारण नीळ साध्या पाण्यात विरघळतच नाही. कापड त्यात बुडवून वर काढलं की ते हिरवट-पिवळं दिसतं. मग हवा लागते आणि बघता बघता डोळ्यांदेखत ते निळं होतं. आमच्या खात्यात व्हॅट रंग असतात, ते आम्ही कॉस्टिक आणि हायड्रोमध्ये विरघळवतो. कापड बाहेर येतं तेव्हा एक रंग, हवा लागली की दुसरा. शास्त्र एकच. गिरणीत त्याला केमिस्ट लागतो आणि तो खुर्चीवर बसतो. निराळ्याच्या बाईनं तेच शास्त्र मडक्यात सांभाळलं, तिला मात्र कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही. ज्या निळ्या रंगाला त्यांनी प्रायश्चित्त लावलं, तोच निळा रंग पुढं १९४२ साली शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या झेंड्यावर आला आणि आज प्रत्येक भीमसैनिकाच्या छातीवर आहे, हेही ध्यानात ठेवा.

आता कुणाला वाटेल, भाऊ जुन्या काळाचे गोडवे गायला लागले. तसं मुळीच नाही. आम्ही गिरणी कामगार आहोत. कारखान्याच्या रंगाचे उपकार आम्ही विसरणार नाही.

१८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हिवतापावरचं क्विनाइन बनवायला निघाला होता. ते काही जमलं नाही, पण भांड्यात जांभळा रंग सापडला. तिथून कारखान्यात रंग बनवायला सुरुवात झाली. १८६८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या युरोपी बहिणीच्या मुळातला लाल रंग, अलिझरीन, प्रयोगशाळेत बनवला. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा बाजार कोसळला. खानदेश-वऱ्हाडात ‘आल’ नावाच्या झाडाची मुळं लाल रंगासाठी पिकवत, तीही शेती मोडली. रंगारी, निराळी, शेतमजूर असे कितीतरी लोक देशोधडीला लागले. मात्र त्या निळीच्या शेतीतही शेतकऱ्याला सुख नव्हतं. १८५९ साली बंगालचा रयत निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध उठला, १९१७ साली चंपारण पेटलं. झाडाचा रंग म्हणून तो आपोआप न्यायाचा होत नाही. पाला झाडाचा असला तरी फटका माणसाच्या हातातला असतो.

आणि कारखान्याच्या रंगानं काय दिलं? स्वस्ताई दिली. अंगावरच्या वस्त्रावरून जात ओळखू यावी अशी ज्या समाजाची रचना, तिथं गिरणीचं स्वस्त, पक्क्या रंगाचं लुगडं ही लहान गोष्ट नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींना सांगितलं की जातीची खूण सांगणारा पेहराव टाका, लुगडं चारचौघींसारखं नेसा. त्या शब्दाला जागायला आपल्या आज्यांना परवडणारं कापड गिरणीनं दिलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापड गिरणीचा पाया घातला, त्यामागं रयतेला काम आणि कापड मिळावं ही दृष्टी होती. तेव्हा गिरणीला शिव्या देऊन झाडपाल्याची आरती करणाऱ्यांत आम्ही नाही.

पण उपकारांबरोबर अपकारही सांगितले पाहिजेत. सर्वच कृत्रिम रंग विषारी नसतात. परंतु बेंझिडीनसारख्या द्रव्यांपासून बनणाऱ्या काही अॅझो रंगांमुळं कॅन्सरचा धोका असतो, हे सिद्ध झालं आणि १९९७ सालापर्यंत भारत सरकारनं अशा एकूण ११२ रंगांवर बंदी घातली. त्या आधी ते रंग ज्यांनी उघड्या हातांनी कालवले, ते कुणाच्या घरचे होते, हे सांगायला नको. पंचगंगेची दशा आपण रोज बघतो. शहरांचं मैलापाणी, कारखान्यांचं पाणी, इचलकरंजीकडच्या कापड प्रक्रियेचं पाणी, सगळ्याला पोटात घेणारी ती एकच नदी.

म्हणून आज जगभर काही कलावंत पुन्हा साली, मुळं आणि फुलांकडं वळले आहेत. त्यांच्यातली तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं उदाहरण कच्छचं. धमडका गावचे इस्माईल मोहम्मद खत्री. यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या अजरख छपाई चालत आली. वडील मोहम्मद सिद्दीक यांनी १९७० च्या दशकात कारखान्याचे रंग बाजूला ठेवून पुन्हा वनस्पतींच्या रंगांची वाट धरली आणि मुलांना ती शिकवली. या अजरखच्या पोटात काय काय आहे बघा. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. मग लाकडी ठशांनी चुना आणि डिंक छापतात, तिथं रंग चढत नाही. गंजकं लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग करतात. तुरटी छापलेल्या जागी लाल रंग धरतो. मग निळीच्या मडक्यात बुडवणं, पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात धमडका उद्ध्वस्त झालं, विहिरींचं पाणीही बिघडलं. पाणी बदललं की रंग बदलतो. म्हणून त्यांनी समाजाला बरोबर घेऊन भूजजवळ नवं गाव वसवलं, त्याचं नावच अजरखपूर. २००३ साली इंग्लंडच्या लेस्टर शहरातल्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. हंडं ढवळणारा माणूस डॉक्टर झाला, मावशी!

दुसरं उदाहरण मुंबईचं. रूपा त्रिवेदी यांच्या ‘आदिव प्युअर नेचर’ या कार्यशाळेनं सिद्धिविनायक मंदिरात वाहिलेली फुलं गोळा करून त्यांच्यापासून कापडावर रंग आणि ठसे उतरवण्याचं काम केलं. जी फुलं दुसऱ्या दिवशी कचऱ्यात किंवा पाण्यात जायची, ती ओढणीवर आली.

तिसरं वर्ध्याचं. मगन संग्रहालय ही १९३८ सालची संस्था. तिथं खादीवर वनस्पतींच्या रंगांचं काम चालत आलं आहे. खादीवाल्यांशी आंबेडकरी माणसाचं भांडण जुनं आहे, आणि खेड्यात परत चला हा उपदेश आम्हाला आजही मान्य नाही. पण ज्ञान कुणाकडूनही घ्यावं. पारखून घ्यावं, एवढंच.

आता या तिन्हींमध्ये आपल्या मुलखाचं काय आहे? हिरडा आहे! राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडचे डोंगर हिरड्यासाठी प्रसिद्ध आहेत. डोंगरातली गरीब माणसं तो वेचतात, गोण्या भरून खाली येतात. हा हिरडा आपल्या समाजाच्या हातांना नवा नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीतच कमावलं जातं. ते कमावणारे ढोर बांधव, शिवणारे चर्मकार बांधव, वेणी घालणाऱ्या त्यांच्या घरच्या बाया. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं तसल्याच चपला मिलानमध्ये मिरवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ओरड झाली तेव्हा कुठं कबुली आली. म्हणजे काम आपलं, वास आपल्या वस्तीला, आणि नाव दुसऱ्याचं. वनस्पतींच्या रंगांतही उद्या हेच होईल. मोठ्या दुकानात ‘नैसर्गिक’ची चिठ्ठी लावून ओढणी विकली जाईल, आणि हिरडा वेचणारी, हंडा ढवळणारी बाई पुन्हा बिननावाची राहील.

मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. बाबासाहेबांनी काय सांगितलं? मेलेली ढोरं ओढू नका, गावकीची लाचारी सोडा, शिका. हाताला काम लागू देऊ नका, असं त्यांनी कधीच सांगितलं नाही. ते स्वतः मजुरांचे नेते होते. १९३६ साली त्यांनी पक्ष काढला त्याचं नावच ‘स्वतंत्र मजूर पक्ष’. त्यांनी तोडायला सांगितली ती सक्ती. तुमच्या लेकीला हे काम तिच्या जातीनं दिलेलं नाही, तिनं ते विज्ञान शिकून निवडलं आहे. उद्या नको वाटलं तर ती सोडून शाळेत शिकवू शकते, प्रयोगशाळेत जाऊ शकते. तिला ही मोकळीक आहे, म्हणून हे काम तिच्यासाठी बेडी नाही.

पण पोरी, तुलाही चार गोष्टी सांगतो. एक, मोजमाप लिहून ठेव. शंभर ग्रॅम सुती कापडाला दहा ते पंधरा ग्रॅम तुरटी लागते, तर ती तराजूनं घे, मुठीनं नको. दोन, नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही थाप मारू नकोस. तांब्याचे आणि क्रोमचे क्षार वापरले तर झाडाचा रंगही नदीला विषच देतो. तुरटी आणि लोखंडावर भागव. हळदीचा रंग उन्हात उडतो, तर गिऱ्हाइकाला तसं आधीच सांग. तीन, दाम ठरवताना आपल्या हाताच्या दिवसांचा हिशोब धर आणि हिरडा वेचणाऱ्याला वाजवी भाव दे. दुसऱ्याच्या गरिबीवर आपली कला उभी करू नकोस. चार, कापडावर आपलं नाव घाल. आपल्या माणसांनी हजारो वर्षं बिननावाचं काम केलं, ते पुरे झालं.

आणखी एक खरं सांगतो. झाडांच्या रंगानं साऱ्या देशाचं कापड रंगवता यायचं नाही. तेवढा पाला, तेवढी साल आणायची म्हटली तर रानं ओरबाडावी लागतील. गरिबाचं रोजचं कापड गिरणीच्याच रंगाचं राहणार, म्हणून गिरणीचं पाणी शुद्ध करून सोडा आणि रंग कालवणाऱ्या कामगाराला हातमोजे द्या, ही मागणी आपण सोडायची नाही. कलावंताची ओढणी आणि कामगाराचे फुप्फुस, दोन्हींची काळजी एकाच चळवळीनं घेतली पाहिजे.

शेवटी समितीपुढं एक सूचना ठेवतो. आपण विहारात पुष्पपूजा करतो, तेव्हा फूल कोमेजतं तसं शरीर कोमेजतं, ही जाणीव मनात ठेवतो. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तनदिनी झेंडूच्या माळांचे ढीग लागतात आणि दुसऱ्या दिवशी ते कचरागाडीत जातात. ती फुलं महिला मंडळानं वाळवून ठेवावीत. वर्षावास संपल्यावर, कठीण चीवरदानाच्या महिन्यात, एका रविवारी विहाराच्या अंगणात हंडा लावावा. पांढरं सुती कापड सोडा घालून उकळून धुवावं, हिरड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवावं, मग तुरटीच्या पाण्यातून काढावं आणि झेंडूच्या काढ्यात तासभर मंद आचेवर शिजवावं. पिवळाधमक रंग येईल. त्यातल्याच तुकड्याला लोखंडाचं पाणी दाखवलं तर तो काळपट हिरवा होईल. हे का झालं, ते मावशींच्या मुलीनं मुलांना फळ्यावर लिहून समजावून द्यावं. पोरांना धम्मही कळेल, रसायनशास्त्रही कळेल, आणि हातानं काम करणाऱ्याची किंमतही कळेल. भिक्खू संघाची अनुमती असेल तर, विनयात बसेल त्या रंगाचं एक वस्त्र आपल्या हातांनी रंगवून संघाला दान द्यावं. बाजारातलं तयार चीवर आपण देतोच. एक आपल्या घामाचंही असू दे.

हंड्याचा खर्च आमच्याकडं. सरपण तरुण मंडळानं आणावं. मावशी, तुमची लेक ढवळणी हातात घेईल तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत बसा. नखावर थेंब टाकून रंग शिजला का, हे बघायचा मान आम्ही तुम्हाला देतो.

आमचे चार शब्द संपवतो. भवतु सब्ब मंगलं. जय भीम, नमो बुद्धाय.